ताटलीतली कातडी

मंगळवार, ४

आजही काचेबाहेरच. ही आत पालथी पडलेली, मी बाहेर बाकावर. शेगडीपाशी हिचे कपडे पेटले, सगळी पाठ भाजली. जंतू नकोत म्हणून मला आत सोडत नाहीत! घरी जाववत नाही, इथं करण्यासारखं काही नाही.

हिच्या मांडीची नखाएवढी कातडी काढून प्रयोगशाळेत वाढवताहेत. वाढली की पाठीवर लावणार, मगच ही सुटणार. वाढतेय हे कळतं कसं? तिथल्या ताई म्हणाल्या, "ताटलीच्या बुडाशी बारीक तारा आहेत, आजोबा. पेशी पसरल्या की आकडा चढतो. झाकण उघडायचं नाही, काही बाहेर काढायचं नाही." शंभर झाले की ताटली भरली. आज चाळीस.

बुधवार, ५

बेचाळीस. बस्स?

शुक्रवार, ७

त्रेचाळीस! आकडा काय, कुणीही सांगेल. जन्मभर भिंती रंगवल्या — रंग वाळला की नाही ते बोट लावूनच बघायचो. ताईंना म्हटलं, जरासं काढून बघा, जिवंत तरी आहे का.

"आणि बोट लागलं की डाग पडतो, ते मी सांगू तुम्हाला?"

तोंडाळ बाई!

काचेजवळच्या फोनवर ही म्हणते, "अहो, त्यांना त्यांचं काम करू द्या की. दूध तापत ठेवलं तरी तुम्ही दहादा डोकावता." हसली. हसताना पाठ ओढली गेली, तसा फोन ठेवला.

शनिवार, ८

मोठ्या डॉक्टरांच्या दारात बसकण मारली. ओरडलो, रडलोही. लाज वाटली नाही. शेवटी वैतागून ताईंना म्हणाले, "काढा थोडं, दाखवा यांना एकदाचं." ताई "सर, पण —" एवढंच म्हणाल्या.

भिंगातून बघितलं. फरशा बसवाव्यात तशा पेशी एकमेकींना चिकटलेल्या. जिवंत! ताईंचे हात धरले मी.

हिला सांगितलं. "झालं समाधान? आता जेवा."

मंगळवार, ११

आकडा घसरला. ताई माझ्याकडे बघत नाहीत.

बुधवार, १२

बुरशी. झाकण उघडलं तेव्हाच शिरली म्हणे. सगळं टाकून दिलं. पुन्हा मांडी सोलणार, पुन्हा पहिल्यापासून. पाठ तोवर तग धरेल का, कुणी बोलत नाही.

गुरुवार, १३

फोनवर हिनं विचारलं, "कशानं झालं हो?"

म्हटलं, "मशीन बिघडलं."

"आणि मी तुम्हालाच हसत होते. बघा, तुमचंच खरं निघालं."