विहीर घराच्या कुठल्या अंगाला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पान शहाण्णव. आणि नायक अजून घरातच!

आज दोन तास वाचलं. तेवढ्या वेळात त्यानं काय केलं? वहाणेचा बंद बांधला. बंद तुटला. आईनं नवा दिला. मग आई रडली. चौदा पानं त्या एका बंदावर! मुखपृष्ठावर पंख पसरलेला, आग ओकणारा राक्षस आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, हे आपल्याला झेपेल ना, वाचताना छातीत धडधडेल. कसचं काय. त्या राक्षसाचं शेपूटसुद्धा अजून दिसलेलं नाही. एकूण पानं अकराशे त्रेचाळीस.

काचेपलीकडे बटणवाले डुलक्या काढत होते. रेकॉर्डिंगच्या यंत्राची बटणं तेच सांभाळतात, म्हणून मी त्यांना बटणवाले म्हणते. कानांवर हेडफोन, हनुवटी छातीवर. त्यांना काय बोलणार? माझ्याच आवाजानं मला झोप येत होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे काम का पत्करलं ते एकदा लिहून काढते, म्हणजे सोडताना मन खाणार नाही.

बस स्थानकावर सत्तावीस वर्षं मी घोषणा दिल्या. चार वर्षांपूर्वी साहेबांनी दोन दिवस समोर बसवून माझ्याकडून सगळ्या गावांची नावं, एक ते नव्याण्णव आकडे, 'सुटणार आहे', 'उशिरा येत आहे' असं सगळं सुटं सुटं म्हणवून घेतलं. मीही हौशी! 'सर, हे जरा घोगरं आलं, पुन्हा घेऊ या का?' गेल्या वर्षी तेच तुकडे मशीनमध्ये घातले आणि मला घरी पाठवलं. म्हणजे माझा आवाज अजून नोकरीवर आहे. घरी बसले ती मी.

त्यानंतरचे आठ महिने इथं लिहिलेले नाहीत, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. छत होतं. त्याच्याकडे बघत पडायचं. शेवटी यांनीच कुठूनसं ऐकून आणलं – अंधांच्या ग्रंथालयाला मोठ्यानं वाचणारं माणूस हवंय. हे वजनकाटे दुरुस्त करतात, दिवसाला दहा दुकानं फिरतात, गावभरच्या बातम्या यांच्याकडे. मंगळवार आणि गुरुवार, अकरा ते एक, तळघरातली खोली. शनिवारी त्या आठवड्याचं वाचन सभासदांच्या फोनवर जातं.

आणि पुस्तक कुणी निवडलं? सभासद क्रमांक एकशे सात यांनी मागितलं. फक्त त्यांनी. दुसऱ्या कुणी मागितलेलं नाही आणि शहाणं माणूस मागणारही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहावं प्रकरण संपलं. पुढची चाळून पाहिली. सातवं – गावातली गल्ली. आठवं – विहीर. नववं – पुन्हा तीच गल्ली, आता उलट्या बाजूनं!

हात टेकले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज लबाडी केली.

सहाव्यानंतर सरळ दहावं प्रकरण उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, 'प्रकरण सातवं.' एक्कावन्न पानं गडप! सत्तावीस वर्षांत मी एका गाडीचा नंबर चुकवला नव्हता. आज जीभ अडखळलीसुद्धा नाही. बटणवाले झोपलेले. कळणार आहे कुणाला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पान दोनशे एकवीस. आता त्याच्याकडे घोडी आली आहे. घोडीवर बसत नाही. तिला खरारा करतो.

बटणवाले आज जागे होते. म्हणाले, 'अहो, असली पुस्तकं दोनशे पानांनंतर पकड घेतात.' म्हटलं, दोनशे झाली. विचार करून म्हणाले, 'मग हे तीनशेवालं असेल.'

जेवताना यांनी विचारलं, 'काय, निघाला का तुझा वीर?'

'नाही.'

'मग आपला बरा की. एका बॅगेत निघून गेला. आईकडे बंदसुद्धा मागितला नाही.'

मुलगा घर सोडून गेल्याचं दुःख हे असं हसण्यावारी नेतात. मी हसले नाही. यांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, 'अगं, पुस्तक आहे की जन्मठेप? दे सोडून.'

देईन. पण सोडलं की मंगळवारही बुधवारसारखाच होईल. गुरुवारही तसाच. सकाळी उठायचं कशासाठी, हे मला आताही नीट सांगता येत नाही. मग तर विचारायलाच नको.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रंथालयात गेले नाही. घसा बसलाय म्हणून कळवलं. घसा उत्तम आहे. घरातून निघाले ती थेट स्थानकावर गेले. सहा नंबरच्या फलाटासमोर बाकावर बसले आणि स्वतःला ऐकत राहिले.

'गाडी क्रमांक – चौदा – फलाट क्रमांक – सहावरून – सुटणार आहे.' प्रत्येक तुकडा माझा. मधल्या फटी मशीनच्या. शेजारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मुलीला म्हणाली, 'मशीन आहे गं ते, माणूस नाही.' माझ्या तोंडून निघून गेलं, 'मी आहे ती.' बाईनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली आणि सरकून बसली.

घरी येऊन रडले. खूप रडले. आता आपल्याला कशाचंच काही वाटत नाही, अशी माझी समजूत होती. तीही खोटी निघाली.

१ मार्च, शनिवार

पुस्तक घरी आणलंय. आज शेवटचं पान उघडून पाहिलं. कुणीतरी कुणालातरी 'ये' म्हणतं. कोण, कुणाला, कशासाठी – काही कळलं नाही. मिटून ठेवलं.

४ मार्च, मंगळवार

चोरी पकडली गेली.

खाली उतरायच्या आधीच ग्रंथपालबाईंनी हाक मारली. 'एकशे सात आहेत फोनवर. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात.' आवाज मऊ, पन्नाशीच्या अलीकडचा. स्वतः पाहू शकत नाही, रुग्णालयात फोन जोडून देण्याचं काम करतो म्हणाला. दोन आठवडे विचार करत होता म्हणे, विचारू की नको.

'मॅडम, तो मुलगा घाबरून विहिरीवरून धावत सुटतो ना, ती विहीर घराच्या कुठल्या अंगाला?'

मी म्हटलं, 'म्हणजे?'

'डाव्या की उजव्या? आणि तिथून लोहाराचं दुकान किती पावलं? तो कुठं धावतोय तेच मला कळेना. मधलं काहीतरी राहिलंय का?'

थाप मारायला तोंड उघडलं होतं. नाही जमलं. म्हटलं, 'राहिलं नाही. मी गाळलं. फार कंटाळवाणं होतं हो. नुसती गल्ली.'

तो रागावला असता तर बरं झालं असतं. हा समजावून सांगायला लागला! 'तुम्हाला गाव एका नजरेत दिसतं, म्हणून तुम्हाला कंटाळा येतो. मी नव्या घरात राहायला गेलो की पहिले दोन महिने भिंतीच मोजतो. दार कुठं, पायरी कुठं, खिडकी कुठं उघडते. तेवढं झालं की मग घर माझं. हा लेखक मला गाव मोजू देतोय. उद्या त्या गावावर काही संकट आलं, तर मी कुठं उभा आहे ते मला कळायला नको?'

'वाचते,' म्हटलं. एवढंच. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. बटणवाल्यांना सगळं सांगितलं, तर डोळे चोळत म्हणाले, 'मला वाटलं, पुस्तकच तसं आहे.'

६ मार्च, गुरुवार

गल्ली वाचली. नीट, शब्द न शब्द. कंटाळा यायचा तो आलाच.

निघताना ग्रंथपालबाई म्हणाल्या, 'तुम्हाला ओझं होत असेल तर सांगा हं. आता वाचणारं मशीन आलंय. अख्खं पुस्तक दुपारभरात करून देतं. आणि ते काही गाळत नाही.' शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मला ते फार लागलं. अजून ठणकतंय.

११ मार्च, मंगळवार

विहीर झाली, उलटी गल्लीही झाली. विहीर उजव्या अंगाला आहे. एक्कावन्न पानं भरून काढली.

एकशे सातचं म्हणणं मला पटलंय. अगदी पटलंय. पण पटलं म्हणून उभारी थोडीच येते? तो म्हणतो, भिंती मोजून झाल्या की घर आपलं होतं. मी एका घराच्या भिंती सत्तावीस वर्षं मोजल्या. डोळे मिटून सांगेन, कुठल्या फलाटाला कुठली गाडी. ते घर माझं झालं नाही. आता या वयात नव्या गल्लीतली पावलं कोण मोजत बसणार!

वर जाऊन ग्रंथपालबाईंना सांगून आले. हा महिना वाचते. पुढचं द्या तुमच्या मशीनला. त्या 'बरं' म्हणाल्या. थोडं तरी 'नको' म्हणतील असं वाटलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

पान तीनशे वीस. घोडी आजारी.

१८ मार्च, मंगळवार

यांना सांगितलं, सोडतेय म्हणून. वाटलं, 'सुटलीस' म्हणतील. हे एका काट्याचं पारडं पुसत बसले होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, 'मंगळवारी तू केस विंचरतेस.'

मी उठून भांडी घासली.

२५ मार्च, मंगळवार

निघाला! पान तीनशे शहाऐंशी. एकदाचं वेशीबाहेर पाऊल टाकलं त्यानं. मागं वळूनही पाहिलं नाही. बटणवाल्यांनी काचेतून मला अंगठा दाखवला.

मला काही वाटलं नाही. इतके दिवस त्याला शिव्या घातल्या, निदान आज 'जा बाबा एकदाचा' म्हणून मोकळं वाटायला हवं होतं. वाचता वाचता मी घड्याळ बघत होते.

२७ मार्च, गुरुवार

चारशे बारा. खूण घालून पुस्तक परत केलं. बटणवाले म्हणाले, 'आता मी झोपायचं कुणाच्या आवाजावर?' बिचाऱ्यांनी हसवायला म्हटलं होतं.

जिना चढून रस्त्यावर आले. ग्रंथालयाच्या दाराशीच उभी राहिले, कुठं जायचंय ते आठवत नसल्यासारखी. मला कुणी काढलेलं नाही. या वेळी माझी मीच निघाले. तरी तेच वाटतंय, तस्संच, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं. उलट जास्त. तेव्हा निदान साहेबांना बोल लावता येत होता. खरं सांगायचं तर मला आता पुढचं काहीच नको आहे. पुस्तकातलंही नको आणि माझंही नको.

२९ मार्च, शनिवार

छत.

३० मार्च, रविवार

दुपारी फोन. बाईचा आवाज, वयस्कर, धाप लागलेला. 'मी एकशे सातची मोठी बहीण. ग्रंथपालबाईंच्या मागं लागून तुमचा नंबर घेतला. निघाला हो तो! काल ऐकलं आम्ही दोघांनी. वेशीबाहेर पडला!'

एवढं काय त्यात, मला कळेना.

'तीनशे पंच्याऐंशी पानांपर्यंत मीच वाचून दाखवलं होतं याला. रोज एक पान. आता गल्ली-विहीर सगळं विसरला होता तो. मग याचे गेले तसे माझेही डोळे गेले. नऊ वर्षं तो पोरगा वेशीच्या आतच उभा होता आमचा.'

तिनं विचारलं, मंगळवारी किती वाजता वाचायला बसता. मी म्हटलं, अकराला.

'आणि अजून किती पानं राहिलीत हो?'

'सातशे एकतीस.'

'बरं झालं,' ती म्हणाली.