डोळे राहिलेली नवरी

माय,

तुझी नवरी सापडली. एका संग्रहालयावर लेख लिहायला गेले होते, संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता, आणि काचेच्या कपाटात ती उभी. तुझ्या लाल लुगड्याचा तुकडा, आत धानाची तणस, डोक्यावर शिंदीच्या पानांचं बाशिंग, हळदीनं पिवळं केलेलं तोंड. खाली पाटी : ‘नववधू बाहुली, गोंदिया जिल्हा. कारागीर अज्ञात. चेहरा हेतुतः कोरा.’ हेतू कसला! अकतीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्या आळीत बाहुला-बाहुलीचं लग्न लागायचं आणि नवरीचे डोळे तू त्याच सकाळी काजळानं काढायचीस. आदल्या दिवशी मी हट्ट धरला तर म्हणालीस, “आताच डोळे काढले तं नवरदेवाले पाहून नवरी पळून जाईल ना!”

मग तू लग्नासाठी टिकल्या आणायला गोरेगावच्या बाजाराला गेलीस. मी घरी एकटीच. गावोगावच्या जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या एक बाई वही घेऊन दारात आल्या. बाहुली त्यांना फार आवडली. त्यांच्या हातातला शाईचा पेन मला फार आवडला. दोघींचं लगेच जमलं. तू परत आलीस तेव्हा मी सांगितलं, कुत्र्यानं नेली. तू गोठ्यामागे जाऊन पाहून आलीस आणि एवढंच बोललीस, “कुत्रं एक चिंधीबी नाही सोडत का, पोरी?”

दुसऱ्या दिवशी तू पळीला फडकं नेसवून मांडवात बसवतेस. नवरदेवाकडची शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी. “काऊन वो, नवरी पळाली का?” आणि तू लगेच, “पळाली. डोळे नव्हते तरी पळाली. तुह्या पोराचं नुसतं नाव ऐकून!” सगळा मांडव हसतो आहे. मी सोडून. पेन दप्तराच्या तळाशी आहे, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तू शाईची बाटली आणून माझ्या पुस्तकांजवळ ठेवतेस. त्याच पेनानं मी लिहायला लागले. आजवर पोट त्यावरच चाललं.

संग्रहालयातल्या माणसाला म्हटलं, ही माझ्या आईनं केली, पाटीवर तिचं नाव हवं. त्यानं अर्ज पुढे केला. कारागीर : तुझं नाव, पुरं लिहिलं. पुढचा रकाना, वस्तू कशी मिळाली. दिलेल्या वेळेत मजकूर देणारी मी, तिथे मात्र बराच वेळ बसून राहिले. शेवटी लिहिलं, ‘मुलीनं परस्पर दिली. डोळे काढायचे राहिले होते.’ परक्या माणसाच्या अर्जावर लिहिता आलं. तू जायच्या आधी अंथरुणाला खिळलीस तेव्हा दोन महिने तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हा मात्र तोंड उघडलं नाही.

कुत्र्यानं नेली नव्हती, माय.