आवाज भिंतीकडे जाणारा टीव्ही

मंगळवार, दिवेलागण

आतल्या खोलीसाठी दुसरा टीव्ही घ्यायचा आज राहिलाच. कमरेचं हाड मोडल्यापासून हे आतल्या खोलीत खाटेवर, टीव्ही बाहेर ओटीवर. मॅचचा स्कोअर ओरडून सांगायला मी दर पाच मिनिटांनी आत. आता माझे पाय मोडायचे.

म्हणून कपाट नि खिडकीमधली भिंत केरसुणीच्या हिराने मोजली, हीर तेवढाच तोडला नि पिशवीत घालून दुकानात गेले. दहा हजारांच्या वर जायचं नाही, हे ठरलेलं. बत्तीस इंची हिरात बरोबर बसला. पण आवाज? दुकानदार म्हणाला, "आजी, चपट्या टीव्हीचा आवाज मागे भिंतीकडे जातो. वेगळा स्पीकर घ्या." म्हणजे आणखी तीन हजार! भिंतीकडे तोंड करून पुटपुटणारा घरात एक आहे, तेवढा पुरे. हीर घेऊन परत आले.

ह्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. तर म्हणतात, "स्कोअर दिसतो की खाली. आवाजाला तू आहेस."

कळलं. हीर पिशवीतच आहे. उद्या तोच टीव्ही आणते नि मीही तोंड बंद ठेवते. बघू, ह्यांना किती दिवस करमतं ते!