दाराच्या आतला कॅमेरा

प्रिय धाकट्या,

तुझी डॉक्युमेंटरी पाहिली. बारा वर्षांनी तू घरी येऊन दार वाजवतोस, आई दार उघडते आणि ढसाढसा रडते. सगळं थिएटर डोळे पुसत होतं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. तू बाहेर उभा होतास, मग आईच्या पाठीमागे घरात कॅमेरा आधीच कसा?

घरी आल्यावर आईला खोदून खोदून विचारलं. आधी म्हणाली, "तुला मेलीला सगळ्यातच संशय." मग हळूच म्हणाली, "तीनदा दार उघडायला लावलं गं त्याने. पहिल्यांदा मी हसले होते. ते त्याला नको होतं."

हे पत्र पाठवणार नाही. तेसुद्धा तू कॅमेरा लावूनच उघडशील.

तुझी,
ताई