जांभळा, पिवळा आणि माझा तिसरा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, भूगोलाची पदवीधर, धंदा नकाशे काढण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते धोका थोडा आहे. थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. 'कोणाच्याही दबावाखाली नाही' असंही इथे लिहायचं असतं. वकीलबाई म्हणाल्या, तेवढं वाक्य गाळू नका. तर लिहिते. माझ्यावर थोरल्या भावाचा दबाव आहे आणि धाकट्याचाही आहे, पण दोन्ही विरुद्ध दिशांनी असल्यामुळे मी जागची हललेली नाही. कायद्याला एवढं पुरेसं असावं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा करायला बसले होते, पण पहिल्याच कलमाला दोघांपैकी कोणाचं नाव आधी लिहायचं यावर अडले.

कलम १. माझी स्थावर मालमत्ता म्हणजे आमच्या राहत्या घराचा आणि त्यातल्या कारखान्याचा एक तृतीयांश हिस्सा. तळमजल्यावर पुढे कारखाना आहे. तिथे आम्ही शाळांच्या भिंतींवर लावायचे कापडी नकाशे करतो. मागे आईची खोली आणि माझी. पहिल्या मजल्यावर दादा आणि वहिनी, दुसऱ्यावर धाकटा एकटा. वडील गेल्यावर हे सगळं आम्हा तिघांच्या नावावर झालं. आईचाही त्यात हिस्सा होता, तो तिने आमच्यासाठी सोडला. 'सोडला' हा कागदावरचा शब्द. त्या दिवशी सहीची जागा मीच बोट ठेवून दाखवली होती, आणि तिचा चष्मा सापडायच्या आत सही झाली होती.

कलम २. रेखणीची पेनं, अक्षरांच्या पट्ट्या, काचेचं टेबल आणि रंगांचे नमुने कोणाला, हे सांगण्याआधी कारण सांगायला हवं.

आमच्याकडे देशांना नावाने हाक मारत नाहीत, रंगाने मारतात. मशीनवाल्याला "जांभळा फिका आलाय" असं सांगितलं की काम भागतं. दोन वर्षांपूर्वी जांभळ्याने पिवळ्यावर सैन्य घातलं आणि त्याचा पूर्वेकडचा एक पट्टा ताब्यात घेतला. कोणी मध्ये पडलं तर अणुबॉम्ब टाकू, असंही सांगितलं. त्या पट्ट्यात आमच्यापैकी कोणी कधी गेलेलं नाही. माझ्या नकाशावर तो करंगळीच्या नखाएवढा आहे. तरी त्यावरून आमच्या जेवणाच्या टेबलावर जे सुरू झालं, ते थांबलं नाही.

दादा म्हणायचा, "ज्याच्या हातात अणुबॉम्ब आहे त्याला कोपऱ्यात रेटू नये. पट्टा गेला तर गेला. रेषा मोठी की माणसं?"

धाकटा म्हणायचा, "मग उद्या ज्याला जमीन हवी तो आधी बॉम्ब बनवेल. आणि त्या पट्ट्यातल्या लोकांना कोणी विचारलंय का, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"त्यातल्या निम्म्यांना जांभळ्यातच जायचंय."

"तू मोजून आलास का रे?"

"तू आलास?"

वहिनी म्हणायची, "अहो, भाजी घ्या. ती तरी आपल्याच देशातली आहे."

दादा बोलायचा तेव्हा मला दादाचं पटायचं, धाकटा बोलायचा तेव्हा धाकट्याचं. मी याला समतोल म्हणत असे. आता खात्री नाही. रोजनिशीत मी दोघांची वाक्यं तारीखवार लिहून ठेवली आहेत, माझं एकही सापडत नाही.

मग वार्षिक नकाशा छापायची वेळ आली. पट्टा कोणत्या रंगात? ज्या प्रदेशाचा निकाल लागलेला नाही तो पांढरा सोडायचा आणि कडेने तुटक रेषा काढायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. वडील तेच करत. मी तसं सुचवलं. दादा म्हणाला, "पांढरा म्हणजे भेकडपणा." धाकटाही तेच म्हणाला, शब्दही तोच, फक्त दुसऱ्या दिवशी. दादाने वर सांगितलं, पट्टा पिवळा छापलात तर मी माझा हिस्सा विकून मोकळा होईन, मग बसा रस्त्यावर. ही धमकी तो तेव्हा आठवड्यातून एकदा तरी द्यायचा. धाकट्याने सांगितलं, पट्टा जांभळा छापलात तर मी माझा मजला वेगळा करीन, बाहेरून लोखंडी जिना लावीन, तुमचा-माझा संबंध संपला. घराची तुलना युद्धाशी करणं मला शोभत नाही. तिथे माणसं मरतात, इथे चहा वेगळा होतो. पण चहा खरोखरच वेगळा झाला. दोघं बोलेनासे झाले आणि निरोप माझ्याकडे आले. "धाकट्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर." "ताई, त्याला सांग, त्यानेच लावली होती." जिना मी दिवसातून किती वेळा चढत-उतरत होते ते माझ्या झडपेला ठाऊक.

तेव्हा मी जे केलं ते इथे शपथेवर लिहिते. मी दोन नकाशे केले. दादा सकाळी पहिलं प्रूफ बघतो आणि नंतर कारखान्यात फिरकत नाही. धाकटा फक्त संध्याकाळी गठ्ठे बांधताना बघतो. सकाळी जांभळ्या पट्ट्याचे निघत, दुपारी मी प्लेट बदलून पिवळ्या पट्ट्याचे काढत असे. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. अकरा महिने घरात शांतता होती. ती मी किती उपभोगली हे सांगायला लाज वाटते.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दोन गुंडाळ्या काखेत मारून आल्या. त्यांनी पाचवीच्या वर्गातला नकाशा आणि सहावीच्या वर्गातला नकाशा कारखान्यातल्या टेबलावर शेजारी शेजारी उलगडले. "मुलं विचारतात, पास झालं की देश बदलतो का? काय सांगू त्यांना?"

दादाला मी हाक मारली, धाकटा आवाज ऐकून आला. पुष्कळ महिन्यांनी दोघं एका टेबलाच्या एकाच बाजूला उभे राहिले. दुसऱ्या बाजूला मी.

"हे तू केलंस?" दादा म्हणाला.

"ताई, तू?" धाकटा म्हणाला. "मला वाटलं तू तरी..."

"मलाही तेच वाटलं होतं," दादा त्याला म्हणाला. त्याला, थेट. तेवढा एक तह माझ्या हातून झाला. तो चार मिनिटं टिकला, कारण मग कोणते नकाशे परत मागवायचे हा प्रश्न निघाला.

मुख्याध्यापिका जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही पांढरा का नाही सोडलात हो?" सबब माझी वर लिहिलेली सगळी हत्यारं त्यांच्या शाळेला द्यावीत. मुलांनी नकाशे स्वतः काढावेत आणि त्या पट्ट्याचं काय करायचं ते वर्गात भांडून ठरवावं.

कलम ३. वडिलांचं मोठं भिंग दादाला. रेडिओ धाकट्याला. उलट दिलं तर दादा बातम्यांच्या वेळी रेडिओ मुद्दाम बंद ठेवेल आणि धाकटा भिंग लावून जुन्या नकाशांतल्या चुका शोधत बसेल. माझ्या दोन्ही शाली वहिनीला. या घरात युद्धावर एकदाही मत न देता जी दोन वर्षं राहिली, तिला खरं तर जास्त द्यायला हवं होतं. बँकेतली ठेव आईच्या औषधपाण्यासाठी.

कलम ४. माझ्या रोजनिश्या, एकूण तेवीस, कोणीही न वाचता कागदाच्या लगद्यात घालाव्यात. त्यांत दोघांनाही एकमेकांविरुद्ध वापरता येईल असं पुष्कळ आहे.

कलम ५. आता घराचा हिस्सा. दादाला तो हवा आहे, म्हणजे तिनातले दोन हिस्से त्याचे होतील आणि घर विकता येईल. धाकट्यालाही हवा आहे, म्हणजे विक्री अडवता येईल आणि मधून भिंत घालता येईल. भिंतीची खूण त्याने खडूने करून ठेवली आहे. ती आईच्या खोलीतून जाते. आईचं काय, यावर मात्र दोघांचं माझ्यामार्फत एकमत झालं आहे. माझ्या शस्त्रक्रियेनंतर काहीही झालं तरी तिला वृद्धाश्रमात ठेवायचं. चांगला आहे, लिफ्ट आहे, बाग आहे. हजारो मैलांवरच्या लोकांना विचारा म्हणून जो टेबल आपटतो, त्याने दोन जिने उतरून आईला विचारलं नाही. हे मी परवा धाकट्याला सुनावणार होते. मग लक्षात आलं, माझी खोली तर तिच्या शेजारीच आहे.

या कलमाचा पहिला मसुदा 'निम्मा दादाला, निम्मा धाकट्याला' असा होता. तो वाचून मला स्वतःचा राग आला. पुन्हा सकाळी एक नकाशा आणि दुपारी एक.

म्हणून काल आईला विचारलं. ती खाटेवर बसून नकाशाच्या कडेला फीत शिवत होती. हे काम ती अजून कोणाला करू देत नाही.

"आई, माझा हिस्सा कोणाला देऊ?"

"का, मरणार आहेस?"

"नाही गं. कागद करून ठेवायचा असतो."

"मग वकिलाला विचार. मला कोण विचारतं?"

"मी विचारतेय. तुला कुठे राहायचंय?"

तिने दोरा दाताने तोडला. "खरं सांगू? रडायचं नाही हं."

"नाही."

"मला इथेच राहायचंय. याच खोलीत. पण तू जा."

"मी? कुठे?"

"मला काय माहीत. कुठेही जा. तुला ती नकाशाखात्यातली नोकरी आली होती, तेव्हाच जायला हवं होतंस. तू मध्ये उभी राहतेस म्हणून त्या दोघांना एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत. आयता पूल मिळालाय मेल्यांना. तू नसतीस तर चार दिवसांत एकमेकांचं डोकं तरी फोडलं असतं, नाहीतर बोलले तरी असते."

"आणि डोकं फोडलं असतं तर?"

"तर टाके घातले असते. तू काही बोलू नकोस, दोरा ओवून दे."

मी दोरा ओवून दिला. तिला माझ्यावाचून होणार नाही, असं मी एकवीस वर्षं धरून चालले होते. नोकरी नाकारली तेव्हा रोजनिशीत तसंच लिहिलं आहे. तिला विचारून लिहिलेलं नाही.

तरी, माझा घरातला आणि कारखान्यातला संपूर्ण एक तृतीयांश हिस्सा माझ्या आईला, पूर्ण मालकी हक्काने. तिने तो विकावा, ठेवावा, कोणालाही द्यावा. तिच्या सहीची जागा कोणीही बोटाने दाखवू नये. आधी चष्मा द्यावा, मग कागद, आणि तिचं वाचून होईपर्यंत खोलीबाहेर थांबावं. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या नावावर केलंस तर दोघांकडून भाडं घेईन." तिच्या संमतीवाचून तिला या घरातून हलवू नये. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी, भावांपैकी कोणी नाही.

कलम ६. वकीलबाईंनी मसुदा वाचून विचारलं, "हे सगळं तुमच्या मरणावर कशाला ठेवता? बक्षीसपत्र करा. आजच करता येईल. आई आजच मालकीण होतील." खरं आहे. मी शस्त्रक्रियेतून बरी होऊन परत आले, तर मी जिवंत असेपर्यंत या कागदाला काही किंमत राहणार नाही. हिस्सा माझाच, खोली माझीच, वर-खाली करणं माझंच. बक्षीसपत्राचा कागद त्यांनी तयार करून दिला. तो माझ्यासमोर आहे. फक्त सही राहिली आहे. मी त्यांना म्हटलं, विचार करून सांगते.

विचार झालेला आहे. आई मालकीण झाली की तिला कोणी हलवू शकणार नाही. मग मला इथे थांबायला काही कारण उरणार नाही. मी मेल्यावर ती मोकळी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मी जिवंत असताना व्हावी असं वाटतं का, हे मला आज लिहिता येत नाही. बक्षीसपत्रावर सही केलेली नाही. या कागदावर करते.

साक्षीदार:
१. नकाशांना लाकडी रूळ बसवणारे सुतारकाका. (सही) सही करताना म्हणाले, "मला वाचून दाखवू नकोस, नुसती परत ये."
२. आमचे डॉक्टर. (सही)

लिहून देणार: (सही)

ठिकाण: राहत्या घरी, कारखान्यामागची खोली.
दिनांक: अकरा मार्च, बुधवार.