आबांची गळकी छागल

डिंगोरे, चैत्र सरत आला

ती. गोरक्षदादा, धाकट्या म्हाळसेचा दंडवत. वहिनीचा गुडघा कसा हाय? मेंढरं बरी असतील. मी धड हाय, म्हणून तर लिहितीया.

तुला ठाऊक हाय, मी वाडीवरच्या अंगणवाडीत खिचडी शिजवाया सायकलवर जाते. (चाळिशीत शिकले. हसायचं तेवढं गाव हसून झालं.) चढ लई, आन् वाडीचा हापसा उन्हाळ्यात नुसता खोकतो, म्हणून पाणी घरनंच न्यायचं. आधी पोरीची शाळेची वॉटरबॅग गळ्यात अडकवली. ती चढावर गुडघ्याला बडवायची, आन् पाणी चहावानी व्हायचं. मग कडीचा डबा हँडलला लावला. स्टँडापुढच्या गतिरोधकावर झाकण उडालं, लुगडं भिजलं, आन् गेणभाऊ हाटेलवाला म्हणतो, "बाई, आंघोळ घरीच उरकायची की." (त्याचा चहा मी बंद केलाय.)

तवा तू आबांची छागल धाडलीस. चिठ्ठीत लिवलंस, जाड कापडाची पिशवी हाय, चपटी, पायात येत न्हाई, वारा लागून पाणी गार ऱ्हातं. मी लगोलग भरली आन् निघाले. वाडी येस्तोवर रस्त्यावर वली रेघ आन् पिशवीत घोटभर पाणी. दिवसभर घसा कोरडा. राग आला. सांजच्यालाच यष्टीच्या कंडक्टरकडं माघारी दिली, वर चिठ्ठी, "आबांचं चांगलं ते तू ठेवलंस, फाटकं बहिणीला दिलंस."

महिना झाला. तुझा निरोप न्हाई, जत्रेला आला न्हाईस. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

काल शेजारची कोंडाबाई म्हणाली, "अगं, कोरडं कापड गळणारच. रातभर भिजत घातलीस का? फुगलं की थेंब सुटत न्हाई." दादा, उन्हाळा लागला की आबा छागल मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत टाकायचे, आन् ती वर तरंगू नये म्हणून दगड ठेवायचं काम माझंच व्हतं. तू मेंढरांमागं, मी दगड घेऊन डोणीपाशी. म्हणूनच तू भिजवायचं लिवलं नसशील, हिला काय सांगायचं म्हणून. फाटकं माझं डोस्कं व्हतं. ती चिठ्ठी चुलीत घाल. वहिनीला वाचून दाखवली असशील तर तिलाबी सांग, मी चुकले.

तुझी म्हाळसा

ता. क. छागल परत दे. कंडक्टरकडं न्हाई, तू स्वतः घेऊन ये.

आणखी ता. क. डोण घासून ठेवलीया. दगडबी शोधलाय. पण दादा, "भिजव" एवढं एक लिवलं असतंस तर तुझी काय शाई सरली असती? ये लवकर.