लाइट गेली तरी मशीन चालू

कात्रप, रविवार संध्याकाळ

दुपारी शेजारचा टीव्ही एकदम गप्प झाला. लाइट गेली होती. बाबा, म्हणजे माझे सासरे, दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, म्हणून मी सवयीने सिलिंडरकडे धावले. बाबा म्हणाले, "अगं, बस. मशीन चालूय."

खरंच चालू होतं. गच्चीवर सोलर आणि खाली बॅटरी गेल्याच आठवड्यात बसवली. आधी दोनदा चौकशी केली तेव्हा परवडत नव्हतं. आता भाव उतरले म्हणून जमलं. तरी माझा विश्वास का बसत नाही? सिलिंडरची चावी हातात धरूनच पलंगाशी बसले.

"ठेव ती चावी," बाबा हसले. नाही ठेवली.

लाइट कधी आली, कळलंच नाही. बसल्या बसल्या मला झोप लागली होती. बाबा आजारी पडल्यापासून दुपारची अशी पहिल्यांदाच.